द्राक्षबागेंतील कोळ्यांचीं पिलें

एका शब्दामुळें शेतकऱ्याचें किती नुकसान होऊं शकतें, ह्याचें 'कोळी' हा शब्द चांगलें उदाहरण आहे. जाळें विणून माशा धरणारा तो कोळी, आणि पानांतील रस शोषणारा 'लाल कोळी' तोही कोळीच. निफाड-दिंडोरीकडील बागाइतदारांस ह्या दुसऱ्याचें भय फार. त्यामुळें वेलीच्या शेंड्यावर इवल्याशा कोळ्यांचा पुंजका दिसतांच पुष्कळजण फवारणीस धांवतात. वास्तविक तो पुंजका बहुधा पहिल्या कोळ्याच्या पिलांचा असतो, व त्यापासून वेलीस कांहींएक अपाय नसतो.

कोळ्याची मादी रेशमासारख्या धाग्यांची पिशवी करून तींत अंडीं घालते. कित्येक जातींत एका पिशवींत शंभराहून अधिक अंडीं असतात. पिलें बाहेर पडल्यावर कांहीं दिवस एकमेकांस बिलगून राहतात. अंड्यांतील बलकाचा शिल्लक अंश त्यांस तोंपर्यंत पुरतो. पुंजक्यावर हलकेंच फुंकर घालावी, म्हणजे मोहरी सांडल्याप्रमाणें तीं चोहोंकडे पांगतात व थोड्या वेळानें पुन्हा एकत्र होतात. मुलें बरोबर असल्यास ही मौज त्यांस अवश्य दाखवावी. पुढें मंद वारा असेल अशा दिवशीं एकेक पिलूं शेंड्यावर चढतें, पोट वर करून धागा सोडतें आणि वाऱ्याबरोबर निघून जातें. इ. स. १८३२ मध्यें दक्षिण अमेरिकेजवळ, किनाऱ्यापासून साठ मैलांवर असलेल्या 'बीगल' जहाजावर असे असंख्य लहान कोळी उतरलेले डार्विन ह्यांनीं पाहिले होते.

ओळख पटविण्यास पाय मोजून उपयोग नाहीं. दोघांसही आठच पाय. भिंगानें शरीर पाहावें. पिलाच्या शरीराचे दोन भाग असून मध्यें बारीक कंबर असते. लाल कोळ्याचें शरीर एकसंध, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. परंतु खरी साक्ष पानाचीच. लाल कोळी असल्यास पानावर पांढरट-पिवळे ठिपके पडतात, पुढें पान तांबूस होतें, आणि खालच्या बाजूस धुळीनें माखलेलें बारीक जाळें आढळतें. हा कोळी फार माजला म्हणजे तोही शेंड्यास गोळा होतो. पण तोंवर पानांची दुर्दशा झालेली असते. पुंजक्याभोंवतीं पानें हिरवीं व टवटवीत असतील, तर पंप घरींच राहूं द्यावा.

आम्हीं स्वतः एके वर्षीं ही परीक्षा न करितां जहाल औषध मारिलें. पिलें मेलीं, महिन्याभरांत लाल कोळी मात्र बागभर झाला. कारण असें कीं, अशा औषधानें कोळ्यांबरोबर लाल कोळ्यांस खाणारे बारीक किडेही मरतात, आणि उष्ण व कोरड्या हवेंत लाल कोळ्याची पिढी आठ-पंधरा दिवसांतच तयार होते.

कोळी फुलकिडे, तुडतुडे, पतंग खातो हें खरें. तसाच तो मधमाशीही खातो. केवळ त्याच्यावर भिस्त ठेवून बाग पिकणार नाहीं. लाल कोळी निश्चित आढळल्यास पाण्यांत मिसळणारें गंधक योग्य प्रमाणांत फवारावें. कडक उन्हांत मात्र नको, पानें भाजतात. आणि पिलांचा पुंजका कामाच्या आड येत असेल, तर तेवढें पान देठासकट खुडून बांधावरच्या झुडपांत अडकवून द्यावें.