चि. बाळूस पत्र



परवा फोनवर मामीच जास्त बोलली. माझा आवाज हल्ली पलीकडे पोचत नाही, म्हणून लिहितो. अक्षर लागतंय ना? ही डीबीएसची, म्हणजे मेंदूत तारा घालून छातीतल्या यंत्राला जोडण्याच्या माझ्या पार्किन्सनवरच्या ऑपरेशनची कृपा. आवाज मात्र ऑपरेशनआधीच बसत चालला होता, तो काही परत आला नाही.

डोक्याला भोक पाडणार या धास्तीने मी बारा वर्षं टाळलं. शेवटी दिवसाला सात गोळ्या, तरी मध्येच पाय जमिनीला चिकटायचे आणि गोळी चढली की अंग नको तेवढं हलायचं. ऑपरेशनने कंप गेला, गोळ्या निम्म्यावर आल्या, कपातला चहा बशीत सांडायचा थांबला. तोल मात्र तसाच, अजून भिंत धरून चालतो.

पण मामाने उशीर केला म्हणून आपल्या पार्किन्सनसाठी ऑपरेशनची घाई करावी, हे तुझं गणित चुकतं. लवकर ऑपरेशन करण्याबद्दल तू वाचलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जर्मनी आणि फ्रान्समधले २५१ रुग्ण. दोन वर्षांनी, रोजचं जगणं मोजणाऱ्या प्रश्नावलीत ऑपरेशनवाले २६ टक्क्यांनी सुधारले, नुसत्या गोळ्यांवरचे होते तिथेच. मात्र ते रुग्ण कोण, तेही बघ. साठीच्या आतले, चार वर्षं तरी आजार असलेले, आणि गोळीचा अंमल मध्येच उतरू लागून तीन वर्षं न झालेले. 'लवकर' म्हणजे एवढंच. गोळी दिवसभर साथ देत असेल, तर मेंदूत तारा घालून काय मिळवणार? आजार त्याने थांबत नाही. गोळी चढल्यावर तुला जे जमतं, साधारण तेच यंत्र जास्त वेळ टिकवतं. कंप तेवढा अपवाद, तो गोळीला दाद देत नसला तरी यंत्राला देतो. म्हणूनच ऑपरेशन ठरवण्याआधी, रात्रीपासून गोळी बंद ठेवून, सकाळी ती देऊन किती फरक पडतो ते तपासतात.

धोकाही ऐकून ठेव. शंभरात एखाद-दोघांना मेंदूत रक्तस्राव होतो, जंतुसंसर्ग वेगळाच. छातीतली साधी बॅटरी तीन-पाच वर्षांनी बदलावी लागते.

आणखी एक, हे मामीने वाचलं तरी चालेल. गेल्या वर्षी मोबाइलवरच्या रमीत तू पैसे घालवलेस. पार्किन्सनच्या काही गोळ्यांनी तशी खुमखुमी येते. ते डॉक्टरांना सांग, लाजू नकोस. मन खचत असेल तर तेही सांग, कारण ऑपरेशननंतर मन सांभाळावं लागतं आणि त्याची तयारी आधीच हवी.

अकरा वाजता हात जड होतो म्हणालास. रोज की कधीतरी? गोळी कधी घेतली, कधी चढली, कधी उतरली, हे पंधरा दिवस वहीत लिही. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी ती वही घेऊन इकडे ये.

तुझा,
मामा