परगावच्या विद्यार्थी-परिषदेची पूर्वतयारी

अभियांत्रिकी, औषधनिर्माण, कृषी, वैद्यक आदी व्यवसायाभिमुख शाखांतील विद्यार्थ्यांच्या जीवनात परीक्षेइतकेच महत्त्व असलेला एक प्रसंग म्हणजे परगावी भरणारी विद्यार्थी-परिषद होय. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वर्षभर केलेले काम प्रथमच अपरिचित तज्ज्ञांच्या पुढे मांडले जाते. त्या कामाचा कस तेथे लागतो. तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या आणि घरातून प्रथमच उच्च शिक्षणापर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तर हा प्रसंग अधिकच मोलाचा असतो. कुटुंबाने काटकसर करून दिलेला पैसा आणि अभ्यासातून काढलेला वेळ यांचे चीज व्हावयाचे असेल, तर निघण्यापूर्वीची तयारी पद्धतशीर असणे अगत्याचे ठरते.

परंपरा आणि संधी

विद्वानांनी एकत्र जमून आपले संशोधन परस्परांपुढे ठेवावे, ही प्रथा आपल्या देशात शतकाहून अधिक जुनी आहे. भारतीय विज्ञान परिषदेचे पहिले अधिवेशन जानेवारी १९१४ मध्ये कोलकाता येथील एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत सर आशुतोष मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्यास १०५ शास्त्रज्ञ उपस्थित होते. याच परिषदेचे १०८ वे अधिवेशन जानेवारी २०२३ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या यजमानपदाखाली पार पडले. व्यावसायिक संस्थांनीही विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र व्यासपीठे निर्माण केली. १९४७ मध्ये स्थापन झालेली व कोलकाता येथे मुख्यालय असलेली भारतीय रासायनिक अभियंत्यांची संस्था 'केमकॉन' या वार्षिक परिषदेबरोबरच 'स्केमकॉन' ही खास विद्यार्थ्यांची परिषद भरवीत आली आहे. महाराष्ट्रात २००६ पासून 'आविष्कार' या आंतरविद्यापीठीय संशोधन महोत्सवाची जोड मिळाली असून, विद्यापीठ पातळीवर निवडलेले विद्यार्थी त्याद्वारे राज्य पातळीवर जातात. परराज्यात जाण्यापूर्वी अशा जवळच्या व्यासपीठावर उभे राहण्याचा अनुभव घेतल्यास पुढील वाट सोपी होते.

परिषदेची पारख

निमंत्रण आले की लगेच शुल्क भरावे, असे मात्र करू नये. केवळ शुल्क गोळा करण्यासाठी भरविल्या जाणाऱ्या परिषदांचेही अलीकडे पेव फुटले आहे. आयोजक संस्था कोणती, तिची यापूर्वीची अधिवेशने कोठे झाली, निबंधांची निवड कोण करते आणि निवडीस किती अवधी लागतो, हे प्रथम पाहावे. पाठविलेला निबंध दोन दिवसांत, एकही शंका न विचारता स्वीकारला गेला आणि सोबत शुल्काचा तगादा आला, तर सावध होणे इष्ट. समितीत ज्यांची नावे छापलेली आहेत, त्यांपैकी एखाद्या प्राध्यापकास मार्गदर्शकामार्फत पत्र लिहून खात्री करून घेता येते.

गोषवारा : कामाचा आरसा

परिषदेतील प्रवेश ठरतो तो बहुधा दोनशे ते तीनशे शब्दांच्या गोषवाऱ्यावर. समस्या काय, ती कोणत्या पद्धतीने हाताळली, हाती काय आले आणि त्याचा अर्थ काय, या चार प्रश्नांची उत्तरे त्यात क्रमाने यावीत.

उदाहरणादाखल एक काल्पनिक प्रकल्प घेऊ. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक असल्याने दातांचे व हाडांचे विकार आढळतात. समजा, तेथील एखाद्या विद्यार्थिनीने पऱ्हाटीपासून कोळसा तयार केला, त्यावर ॲल्युमिनियमच्या क्षाराची प्रक्रिया केली आणि तो पाण्यातील फ्लोराइड शोषून घेण्यासाठी वापरला. गोषवाऱ्यात तिने 'या पद्धतीने अत्यंत उत्तम परिणाम मिळाले' असे लिहिले, तर परीक्षकास काहीच बोध होणार नाही. याउलट 'फ्लोराइडचे प्रमाण लिटरमागे ४.० मिलिग्रॅमवरून १.२ मिलिग्रॅमवर, म्हणजे ७० टक्क्यांनी खाली आले. प्रयोग तीनदा करण्यात आला' असे लिहिले, तर कामाचे मोल एका वाक्यात स्पष्ट होते.

येथेच प्रामाणिकपणाची कसोटी लागते. पिण्याच्या पाण्यासंबंधीच्या १०५०० क्रमांकाच्या भारतीय मानकानुसार (२०१२) फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे १.० मिलिग्रॅम आहे. पाण्याचा दुसरा स्रोत उपलब्ध नसेल, तरच १.५ मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चालवून घेता येते. म्हणजेच १.२ हा आकडा पहिल्या मर्यादेच्या बाहेर आणि दुसऱ्या मर्यादेच्या आत आहे. ७० टक्क्यांचा उल्लेख करून ही गोष्ट झाकून ठेवण्याचा मोह होतो. तथापि ती विद्यार्थिनीने स्वतः सांगितली, तर तो कामाचा पुढील टप्पा ठरतो. श्रोत्यांपैकी कोणी ती उघड केली, तर मात्र संपूर्ण कामावरचाच विश्वास डळमळतो. या पाण्याशी गावकऱ्यांच्या आरोग्याचा प्रश्न निगडित असल्याने हा फरक केवळ शिष्टाचाराचा राहत नाही.

उसनवारीबाबतही दक्षता हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार लिखाणातील साम्य १० टक्क्यांहून अधिक आढळल्यास ते दंडनीय पातळीत मोडते. दुसऱ्याचा विचार घेतल्यास त्याचे श्रेय देणे आणि वाक्ये स्वतःची लिहिणे, हाच यावरील उपाय होय.

शोधाचे रक्षण

ज्या कामातून नवे यंत्र वा नवी प्रक्रिया निर्माण होण्याची शक्यता आहे, त्याबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते. एकदा जाहीर झालेली गोष्ट नवी राहत नाही आणि पेटंटसाठी नावीन्य ही पहिली अट आहे. भारतीय पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३१ मध्ये याबाबत सवलत आहे. खऱ्या व प्रथम शोधकाने विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधातून शोध प्रकट झाला असल्यास, त्या तारखेपासून १२ महिन्यांच्या आत अर्ज केला तर पूर्वप्रसिद्धीचा दोष लागत नाही. परंतु अनेक देशांच्या कायद्यांत अशी मोकळीक नाही. म्हणून परिषदेस जाण्यापूर्वीच मार्गदर्शकाशी विचारविनिमय करून अर्ज दाखल करणे अधिक सुरक्षित.

पोस्टर आणि भाषण

पोस्टरसाठी आयोजकांनी दिलेले माप काटेकोरपणे पाळावे. पुष्कळ ठिकाणी ए-शून्य, म्हणजे ८४.१ बाय ११८.९ सेंटिमीटर असा आकार मागतात. उभे की आडवे, हेही विचारून घ्यावे. दीड मीटर अंतरावरून मजकूर सहज वाचता आला पाहिजे. त्यासाठी संपूर्ण निबंध पोस्टरवर चिकटविण्याचा आग्रह सोडून शीर्षक, उद्दिष्ट, पद्धत, दोन-तीन आलेख व निष्कर्ष एवढेच ठेवावे. प्रत्येक आलेखाच्या अक्षांवर राशीचे नाव व एकक असावे. छपाईस देण्यापूर्वी एकदा लहान कागदावर छापून दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे. स्वतःच्या चुका स्वतःस सहसा दिसत नाहीत.

तोंडी सादरीकरणास बहुधा दहा मिनिटे मिळतात. त्यांपैकी आठ मिनिटे भाषणास व दोन प्रश्नोत्तरांस असे धरावे. सावकाश व स्पष्ट बोलणारा मनुष्य मिनिटास सुमारे ११० शब्द बोलतो. म्हणजे आठ मिनिटांत नऊशे शब्दही होत नाहीत. या हिशेबाने मजकूर बेतावा आणि सात-आठ स्लाइडपेक्षा अधिक घेऊ नयेत.

मराठी माध्यमातून आलेल्या अनेक विद्यार्थ्यांना इंग्रजीची धास्ती वाटते. यावर पाठांतर हा उपाय नव्हे, कारण एक वाक्य विसरले की सर्व साखळी तुटते. प्रथम विषय मराठीत, विषय न जाणणाऱ्या एखाद्या नातलगास समजावून सांगावा. तसे सांगता आले, म्हणजे विचार पक्का झाला. नंतर तोच क्रम लहान लहान इंग्रजी वाक्यांत बसवावा आणि घड्याळ लावून वर्गमित्रांपुढे निदान पाच वेळा बोलावा. परीक्षक भाषेच्या डौलापेक्षा कामाची समज अधिक पाहतात.

प्रश्नांची पूर्वकल्पना

विचारले जाण्याचा संभव असलेल्या प्रश्नांची यादी मार्गदर्शकासमवेत करावी. वरील उदाहरणात पुढील प्रश्न अपेक्षित आहेत. प्रयोग शुद्ध पाण्यात फ्लोराइड मिसळून केला की प्रत्यक्ष विहिरीच्या पाण्यावर? विहिरीच्या पाण्यातील बायकार्बोनेटसारख्या घटकांमुळे शोषण कमी होते काय? पाण्याचा पीएच किती राखला? कोळशातून ॲल्युमिनियम पाण्यात उतरते काय, आणि उतरल्यास ते मानकातील ०.०३ मिलिग्रॅम प्रतिलिटर या स्वीकारार्ह मर्यादेत राहते काय? वापरून संपलेल्या कोळशाची विल्हेवाट कशी लावणार? नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेने विकसित केलेल्या, तुरटी व चुना वापरणाऱ्या नालगोंडा पद्धतीपेक्षा ही पद्धत कोणत्या बाबतीत सरस आहे? यांपैकी एखाद्याचे उत्तर ठाऊक नसेल, तर तसे सांगून 'हा प्रयोग अद्याप केलेला नाही' असे म्हणण्यात कमीपणा नाही. अंदाजाने दिलेला आकडा मात्र अंगाशी येतो.

प्रवास, निवास व खर्च

परिषदेचा स्वीकार कळताच खर्चाचे अंदाजपत्रक करावे. नोंदणी शुल्क, रेल्वे व एस.टी.चे भाडे, निवास, भोजन, छपाई, शहरांतर्गत प्रवास अशी कलमे घालून एकूण रकमेच्या एक दशांश इतकी रक्कम अकल्पित खर्चासाठी ठेवावी. महाविद्यालयाकडून साहाय्य मिळण्यासारखे असेल, तर अर्ज प्रवासापूर्वी करावा आणि मंजुरी लेखी घ्यावी. प्रत्येक पावती जपून ठेवावी. लवकर नोंदणी करणाऱ्यांस शुल्कात सूट असते. तिची अखेरची तारीख दैनंदिनीत नोंदवावी.

रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. त्यामुळे साठावा दिवस कोणता, हे आधीच काढून ठेवावे व परतीचे आरक्षणही त्याच हिशेबाने करावे. समजा, यवतमाळहून कोलकात्यास जावयाचे आहे. एस.टी.ने वर्धा वा धामणगाव गाठून पुढे मुंबई-हावडा लोहमार्गाने जाता येते. गाडीस उशीर होण्याची शक्यता गृहीत धरून सादरीकरणाच्या आदल्या दिवशी दुपारपूर्वी पोहोचेल अशीच गाडी निवडावी. कोलकाता यवतमाळच्या पूर्वेस सुमारे दहा रेखांशांवर असल्याने तेथे सूर्य सुमारे चाळीस मिनिटे आधी मावळतो. हिवाळ्यात पाचच्या सुमारासच अंधारू लागते. नवख्या शहरात निवासस्थान उजेडी शोधणे केव्हाही सोयीचे. विद्यार्थिनींनी शक्यतो गटाने प्रवास करावा आणि निवासाचा पत्ता व आयोजकांचा दूरध्वनी क्रमांक घरी लिहून ठेवावा. रेल्वेत अडचण आल्यास १३९ व अन्यत्र संकटप्रसंगी ११२ या क्रमांकांवर साहाय्य मागता येते.

परिषदेच्या तारखा अंतर्गत परीक्षेशी वा प्रात्यक्षिकांशी भिडतात काय, हे सर्वप्रथम पाहावे आणि विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्यावी.

सोबत काय असावे

ओळखपत्र, बोनाफाईड प्रमाणपत्र, स्वीकृतिपत्र व शुल्काची पावती यांच्या दोन-दोन प्रती घ्याव्यात. सादरीकरण पेनड्राइव्हवर, ई-मेलवर आणि छापील कागदावर अशा तीन ठिकाणी असावे. मराठी वा विशेष अक्षरे बिघडू नयेत म्हणून त्याची पीडीएफ प्रतही ठेवावी. पोस्टर नळीत गुंडाळून सामानाच्या डब्यात न देता स्वतःजवळ बाळगावे. सोबत टाचण्या, चिकटपट्टी व वही असावी. पोशाख साधा, स्वच्छ व हवामानास अनुरूप असावा. नवा बूट त्याच दिवशी प्रथम घालू नये. नेहमीची औषधे बरोबर घ्यावीत.

परिषदेत आणि परिषदेनंतर

स्वतःचे भाषण आटोपताच शहर पाहावयास निघून जाणारे विद्यार्थी परिषदेचा अर्धा लाभ गमावतात. कार्यक्रमपत्रिका आदल्या रात्री वाचून ऐकण्याजोग्या व्याख्यानांवर खूण करावी. आपल्या विषयात काम करणाऱ्या निदान तीन व्यक्तींशी बोलावे. काय विचारावयाचे ते आधी लिहून ठेवले, म्हणजे संकोच कमी होतो. परप्रांतातील विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळांत कोणती उपकरणे आहेत, ते कोणत्या अडचणींना कसे तोंड देतात, ही माहितीही पुस्तकांत मिळत नाही.

परतल्यावर आठवड्याच्या आत तीन कामे करावीत. ज्यांनी सूचना केल्या त्यांना आभाराचे पत्र पाठवावे, खर्चाचा हिशेब सादर करावा आणि कनिष्ठ वर्गातील विद्यार्थ्यांपुढे परिषदेचा वृत्तांत सांगावा. कोणते प्रश्न विचारले गेले, त्यांपैकी कोणाची उत्तरे देता आली नाहीत, आरक्षण व निवास यांत काय अडचणी आल्या, हे सर्व एका नोंदवहीत लिहून विभागाच्या ग्रंथालयात ठेवावे. पुढील वर्षी जाणाऱ्या विद्यार्थ्यास ती नोंदवही उपयोगी पडेल, आणि उत्तर न देता आलेला प्रश्न त्याच्या प्रकल्पाचा विषयही होऊ शकेल.