किनाऱ्यावरच्या जुन्या घराला काच जोडताना

दापोलीच्या किनाऱ्यावर आमचं जांभ्याचं कौलारू घर आहे. मागची पडवी मोडकळीला आली, तेव्हा भावाने तेवढ्याच जोत्यावर स्टील आणि काचेची समुद्राकडे उघडणारी खोली हौसेने बांधून घेतली. दुसरा पावसाळा सरला आणि चकचकीत खांबांवर तपकिरी डाग उठले. नवल म्हणजे पावसात भिजणारी बाजू त्यामानाने साफ होती. वळचणीखालची कोरडी बाजूच जास्त गंजली होती. खारा वारा आणून बसवतो ते मीठ तिथे धुतलंच जात नाही. म्हणून पाऊस थांबला की अधूनमधून गोड्या पाण्याने खांब धुवावेत, वळचणीखालचे आधी.

फॅब्रिकेटरने पैसे 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घेतले आणि लावलं 304. 316 मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्याच्या बळावर ते खाऱ्या हवेत बरंच जास्त टिकतं. ‘बघा, लोहचुंबक चिकटत नाही’ या दाखवण्यावर जाऊ नका, कारण या दोन्ही ग्रेडना तो सहसा चिकटत नाहीच. कारखान्याचा तपासणी दाखला मागा आणि मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या द्रावणाचा थेंब टाकून आपल्यासमोर खात्री करून घ्या. स्क्रूसुद्धा त्याच ग्रेडचे हवेत. आमच्याकडे स्टेनलेसच्या पट्ट्यांत जस्ताचा मुलामा दिलेले साधे स्क्रू पिळले होते. दोन धातू खाऱ्या ओलीत एकत्र आले की जास्त क्रियाशील धातू आधी खाल्ला जातो. बोटाने दाबलं तर स्क्रूचं डोकं भुगा होऊन हाताला लागलं.

खरं दुखलं ते भिंतीचं. छताच्या तुळया चिऱ्यात अँकर ठोकून अडकवल्या होत्या. जांभा मऊ, सच्छिद्र. फुगणारा अँकर त्याला आतून फोडतो. दोन चिरे उभे तडकले. फटी बुजवायला जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंट थापलं, तशी ओल आत कोंडली आणि माजघरापर्यंत पोपडे सुटले. चिरे बदलता येतात, पण तसा घडवणारा हात आज सहज मिळत नाही. नव्या खोलीचा भार तिच्या स्वतःच्या खांबांवर, स्वतःच्या पायावर घ्या. जुन्या भिंतीपासून दोन बोटं फट ठेवा, तिच्यावर कौलांखाली सरकवलेला पत्रा घ्या आणि पागोळ्यांसाठी रुंद पन्हळ. गिलावा चुन्याचाच.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आमच्या भागातली कौलं उडाली. अशा ठिकाणी नुसती टफन्ड काच पुरत नाही. दोन काचांमध्ये पारदर्शक थर असलेली लॅमिनेटेड घ्या, म्हणजे फुटली तरी तुकडे जागेवर राहतात. शिवाय दुपारच्या उन्हासाठी काचेला पश्चिमेकडून सावली हवीच.

आणि आराखड्याला हात लावण्याआधी भरतीरेषेपासूनचं अंतर मोजून घ्या. सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावरच्या ना-विकास पट्ट्यात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण जोतं वाढवता येत नाही. तुमचं घर त्या पट्ट्यात येतं का, हे ठेकेदाराच्या शब्दावर न सोडता किनारा व्यवस्थापनाच्या नकाशावर स्वतः पाहा.