कागदावरची चूक कोणाच्या मालकीची?



राहाता तालुक्यात पेरूचा व्यापार करणारे एक बागवान गृहस्थ इशाच्या नमाजनंतर माझ्यापाशी थांबले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते. त्यांनी जुनी मालवाहू गाडी देऊन नवी घेतली होती. नवीचा सर्व खर्चासह भाव ठरला ९,१२,००० रुपये. जुन्या गाडीचे १,८५,००० धरले गेले आणि ५१,००० विसार म्हणून त्यांनी आधीच भरले होते. म्हणजे देणे उरले ६,७६,०००. परंतु गाडी ताब्यात देण्याच्या दिवशी शोरूममधील लेखनिकाने विसाराची रक्कम दोनदा वजा केली. अंतिम हिशेबाच्या कागदावर बाकी ६,२५,००० अशी पडली. यांनी तेवढीच भरली. वर ‘पूर्ण रक्कम मिळाली, काही येणे नाही’ अशी शिक्क्यानिशी पावतीही मिळाली.

बाराव्या दिवशी फोन आला. बोलणारा मुलगा घाबरलेला होता. चूक त्याची होती आणि ५१,००० रुपये आपल्या पगारातून कापले जातील, ही भीती त्याच्या आवाजात स्पष्ट होती.

घरात दोन तट पडले. मुलांचे म्हणणे असे, की शिक्का त्यांचा, सही त्यांची, कागदच सांगतो की काही येणे नाही. शिवाय या लोकांनी आपल्याकडून कशाकशाचे पैसे लावले ते आपल्याला ठाऊक आहे. वडील एवढेच म्हणत होते, की इमामसाहेबांना विचारू. वाचकहो, आपण त्या घरात असता तर कोणत्या बाजूला बसला असता, हे पुढे वाचण्यापूर्वी स्वतःशी ठरवावे, अशी माझी विनंती आहे.

प्रथम सौदा म्हणजे काय ते पाहू. नेवासे तालुक्यातील घोडेगावचा जनावरांचा बाजार आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. जुने व्यापारी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. त्या सौद्याला कागद नसे, परंतु सौदा पक्का असे, कारण दोघांच्या मनात एकच आकडा असे. शरीअतच्या दृष्टीने खरेदी-विक्रीचा प्राण तोच आहे. सूरह निसाच्या २९व्या आयतीत एकमेकांचे धन अन्यायाने खाण्यास मनाई केली आहे आणि परस्पर संमतीने होणारा व्यापार त्यातून वगळला आहे. उस्मानी राजवटीत १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिक्हच्या आधारे ‘मजल्ला’ नावाची संहिता तयार झाली. तिच्या तिसऱ्याच कलमात हे तत्त्व आले आहे की करारात विचार हेतूचा आणि अर्थाचा करावयाचा, केवळ शब्दांच्या बांधणीचा नव्हे. बागवानांच्या सौद्यात दोघांच्या मनातील आकडा ९,१२,००० होता. लेखनिकाच्या बेरीज-वजाबाकीने तो बदलत नाही. कागद हा सौद्याचा साक्षीदार असतो, आणि साक्षीदार चुकला म्हणून सौदा पालटला असे होत नाही. तेव्हा ते ५१,००० रुपये बागवानांच्या घरात होते खरे, पण त्यांच्या मालकीचे नव्हते.

आता सूरह बकराच्या २८२व्या आयतीकडे वळू. ही कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत असून ती देण्या-घेण्याच्या लेखाविषयी आहे. तिच्यातील एका तरतुदीकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. मुदतीच्या देण्याचा लेख करताना मजकूर सांगण्याचे काम कोणावर सोपविले आहे? ज्याला घ्यायचे आहे त्याच्यावर नव्हे, तर ज्याला द्यायचे आहे त्याच्यावर. त्याने अल्लाहचे भय बाळगून सांगावे आणि देण्यातून काहीही कमी करू नये, असा आदेश आहे. जगाची रीत याच्या उलट आहे. सावकार लिहितो आणि ऋणको अंगठा उठवितो. शोरूम छापते आणि ग्राहक सही करतो. कुरआनने लेखणीची दिशा देणेकऱ्याच्या जिभेकडे वळविली, म्हणजे माझ्यावर किती देणे आहे हे सर्वांत आधी आणि सर्वांत खरे मीच सांगायचे. बागवानांनी कागद घरी नेऊन पाहिला असता तर फोनची वाट न पाहता त्यांनीच कळविणे आवश्यक होते. त्यांनी तो पाहिलाच नव्हता, म्हणून बारा दिवसांच्या मौनाचा दोष त्यांच्यावर येत नाही. फोननंतरचे मौन मात्र दोषाचे ठरले असते.

त्याच आयतीत पुढे म्हटले आहे की लेखनिकाला आणि साक्षीदाराला पीडा होऊ नये. भाष्यकारांनी याचे अनेक अर्थ सांगितले आहेत. मला तो घाबरलेला मुलगा आठवतो. ‘कंपनी मोठी आहे, तिला काय फरक पडतो’ असे आपण सहज म्हणतो. पण चुकीचा भार अनेकदा कंपनीच्या तिजोरीवर पडत नाही. तो महिना पंधरा-वीस हजारांवर राबणाऱ्या एखाद्या नोकरदारावर पडतो.

आणि समजा, कंपनीवरच पडला, मालक मुस्लिम नाही, तर? हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, तेव्हा उत्तर स्पष्ट देतो. हिजरतच्या रात्री मक्केचे लोक प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जिवावर उठले होते आणि त्याच शहरातील लोकांच्या ठेवी त्यांच्याकडे होत्या. त्या परत करण्यासाठी त्यांनी ह. अली (रजि.) यांना मागे ठेवले. ज्यांनी घरदार सोडावयास लावले त्यांच्याही ठेवींवर हक्क सांगितला गेला नाही. मग ज्याने आपल्याला गाडी विकली, त्याच्या रकमेवर आपण कोणत्या तोंडाने हक्क सांगणार?

मुलांचा दुसरा मुद्दा कायद्याचा होता, की पावती दाखवली तर न्यायालयातही आपणच जिंकू. प्रथम, हे गृहीतच कच्चे आहे. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या ७२व्या कलमानुसार चुकीने मिळालेला पैसा किंवा वस्तू परत करणे बंधनकारक आहे. चुकीने कमी घेतलेली किंमतही विक्रेता ठरलेल्या भावाचा पुरावा दाखवून मागू शकतो, आणि बुकिंगच्या अर्जावर तो भाव बागवानांच्याच सहीनिशी लिहिलेला होता. परंतु समजा, जिंकलो. ह. उम्मे सलमा (रजि.) यांनी सांगितलेली हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. प्रेषितांनी (स.) बजावले होते की आपणही मनुष्य आहोत. वादी-प्रतिवादींत एखादा अधिक वाक्पटू असेल आणि त्याचे ऐकून त्याच्या बाजूने निवाडा दिला गेला, तर दुसऱ्याच्या हक्कातून मिळालेली ती वस्तू आगीचा तुकडा समजून त्याने घेऊ नये. प्रत्यक्ष प्रेषितांच्या (स.) निवाड्याने जे हलाल होत नाही, ते शोरूमच्या रबरी शिक्क्याने कसे होईल?

मात्र प्रत्येक चूक अशी नसते, आणि येथे घाईने फतवा देणे योग्य नाही. विक्रेत्याने विचारपूर्वक भाव सांगितला, आपण तो मान्य केला, पैसे दिले, गाडी आणली आणि आठवड्याने त्याला वाटले की आपण स्वस्त दिली. तर ही कागदाची चूक नव्हे, हा पश्चात्ताप आहे. हनफी मतानुसार प्रस्ताव आणि स्वीकार झाल्यावर सौदा बांधील होतो. त्याने अधिक मागितले तर नकार देण्यात पाप नाही. सौदा परत फिरविण्याची त्याची विनंती मान्य करणे हे ‘इकाला’ होय. ते पुण्याचे आहे, सक्तीचे नाही. अट एकच, की आपण त्याला फसविलेले नसावे. तो दुसऱ्याच मॉडेलचा दर वाचत आहे हे ऐकतानाच आपल्याला कळले होते आणि आपण गप्प राहिलो, तर त्या गप्प राहण्याचे उत्तर द्यावे लागेल.

आणि याच्याही वरची एक पायरी आहे. ह. जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्यासाठी तीनशे दिरहमला एक घोडा ठरला. घोडा पाहून ते मालकाला म्हणाले की हा अधिक मोलाचा आहे. चारशे देऊ का, पाचशे देऊ का, असे करीत त्यांनी आठशे दिले. प्रत्येकाचे हित चिंतण्याची प्रतिज्ञा त्यांनी प्रेषितांपाशी (स.) केली होती. वाहन खरेदीचा हा प्रसंग तबरानी यांनी नोंदविला आहे. आपल्याला असे करणे जमेल असे मी म्हणत नाही, मलाही जमेल की नाही सांगवत नाही. पण ज्या उम्मतच्या एका माणसाने न मागता पाचशे अधिक दिले, तिच्या माणसाने मागूनही उरलेली बाकी न द्यावी, हे शोभत नाही.

आता मुलांचा तिसरा मुद्दा. तो सर्वांत जड होता आणि तो मी उडवून लावला नाही. शोरूमने न सांगता रंगाच्या संरक्षक लेपाचे ६,५०० रुपये बिलात धरले होते. बुकिंगच्या अर्जावर त्याचा उल्लेख नव्हता. ‘त्यांनी आमचे खाल्ले, आम्ही त्यांचे ठेवले’, हे गणित चुकीचे आहे, पण त्यामागची तक्रार खोटी नव्हती. हक्क नाकारला जात असेल आणि दुसरा मार्ग उरला नसेल, तर आपल्या हक्काइतके घेण्याविषयी फुकहांनी सविस्तर चर्चा केली आहे. परंतु येथे हक्क कोणी नाकारलाच नव्हता, कारण कोणी मागितलाच नव्हता. शिवाय ६,५०० च्या मोबदल्यात ५१,००० ठेवणे ही भरपाई होत नाही. देणे आणि घेणे उघडपणे समोरासमोर मांडून वजा करणे, हा मार्ग खुला होता.

स्वतःविरुद्धच्या चुकीविषयी थोडे येथेच सांगतो, कारण सबुरी म्हणजे नुकसान मुकाट्याने सोसणे असा आपल्याकडे गैरसमज आहे. जादा रक्कम लागली असेल, नाव किंवा चॅसिस क्रमांक चुकला असेल, तर लगेच लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. आपल्या नावांचे तर विचारूच नका. आधारवर ‘शेख’, बिलात ‘शेक’. एकीकडे ‘मोहम्मद’, दुसरीकडे नुसतेच ‘मो.’ गाडीची नोंदणी होण्यापूर्वी विक्री प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २१, अक्षर न् अक्षर वाचावे, अन्यथा हीच चूक आर.सी. आणि विम्यात उतरते व अपघाताच्या दाव्याच्या दिवशी समोर येते. बुकिंग आणि ताबा यांच्यामध्ये कराचा दर बदलला असेल, जसा २२ सप्टेंबर २०२५ रोजी छोट्या मोटारींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तर दोन्ही कागद शेजारी ठेवून तपासावेत. शोरूमने ऐकले नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. आपला हक्क मागताना काउंटरवरील मुलावर आवाज चढवू नये. बोलायचे ते व्यवस्थापकाशी.

बागवानांच्या घरी मी दुसऱ्या दिवशी गेलो. पत्र मराठीत हवे होते आणि मी मराठीचा पदवीधर, म्हणून लेखणी माझ्याकडे आली. मजकूर मात्र वडिलांनीच सांगावा, असा आग्रह मी धरला. आयतीतील क्रम प्रत्यक्षात कसा असतो, हे मुलांनी पाहावे अशी माझी इच्छा होती. त्यांनी सांगितले: विसार दोनदा वजा झाला आहे, आम्ही ५१,००० देणे लागतो, लेपाचे ६,५०० ठरलेले नव्हते, ते वजा करावेत, उरलेले ४४,५०० एकदम जमणार नाहीत, २०,००० आज देतो, बाकी पेरूचा माल निघेल तसे दोन हप्त्यांत. अडचणीतील देणेकऱ्याला सवलत देण्याची शिकवण त्याच सूरहच्या २८०व्या आयतीत आहे. शोरूमचा मालक ती आयत जाणत नव्हता, पण त्याने पत्र वाचून लेपाची रक्कम वाद न घालता सोडली आणि हप्ते मान्य केले. मुलाच्या पगाराला हात लावणार नाही, हेही त्याने तोंडी सांगितले. ते वाक्य पत्राच्या पोचपावतीवर लिहून द्या, असा हट्ट बागवानांनी धरला आणि ते लिहून घेतले.

शेवटचा १२,००० चा हप्ता मागील महिन्यात गेला. धाकटा मुलगा अजूनही म्हणतो की अब्बांनी घाई केली, पूर्ण लेपाबरोबर विम्याचेही पाहायला हवे होते. विम्याचे कागद त्याने आता माझ्याकडे आणून दिले आहेत.