पाणीपट्टी भरण्याआधी बिलावरची ओळ न् ओळ वाचा

कोल्हापुरात पाण्याचे पैसे आपण दोनदा मोजतो. एकदा नळाला पाणी येतं तेव्हा आणि एकदा तेच पाणी मोरीतून, संडासातून ड्रेनेजमध्ये जातं तेव्हा. पहिला खर्च सगळ्यांना ठाऊक असतो. दुसरा 'सांडपाणी अधिभार' म्हणून पाणीपट्टीच्या बिलातच असतो, आणि त्या ओळीवर फारसं कुणाचं बोट जात नाही. बिल हातात आलं की एकूण रक्कम बघायची आणि भरून मोकळं व्हायचं, ही सवय आपल्याला महागात पडते.

दर महापालिका ठरवते, पण तिचे हात राज्याच्या कायद्यांनी बांधलेले आहेत. धरणातून उचललेल्या कच्च्या पाण्याचा ठोक दर 2005 च्या कायद्याने स्थापन झालेलं महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं. नोव्हेंबर 2023 मध्ये, ऐन दिवाळीच्या दिवसांत, थेट पाइपलाइनने काळम्मावाडी धरणाचं पाणी शहरात आलं तेव्हा आनंद झालाच. पण ते पाणी पंपाने उपसावं लागतं आणि त्या विजेचं बिलही शेवटी आपल्याच पाणीपट्टीतून निघतं. घराघरांत पाण्यासाठी काय आणि कसं आकारायचं, ते महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 मध्ये आहे.

त्यातलं कलम 134 प्रत्येक नळधारकाने माहीत करून घ्यावं. ज्या घराला मीटरने मोजून पाणी दिलं जातं, त्या घरावर पाणीकर लावता येत नाही. मोजून आकारणी किंवा कर, दोन्हींपैकी एकच. म्हणून पाणीपट्टीचं आणि घरफाळ्याचं बिल शेजारी शेजारी ठेवा. नळाला मीटर असूनही घरफाळ्यात पाणीकराची ओळ दिसली, तर लेखी अर्ज करून खुलासा मागा. 'लाभकर' मात्र वेगळा असतो. पुण्याच्या मिळकतकराच्या बिलात तो दिसतो. ओळीत नेमका कोणता शब्द छापलाय, ते नीट वाचा.

मीटर बंद असेल तर? त्या काळात किती आकारायचं, याच्या अटी घालण्याची मुभा कायदा स्थायी समितीला देतो. साधारणपणे सरासरीने बिल येतं. चौघांच्या घरात दोघं नोकरीसाठी पुण्याला गेली, वापर निम्म्यावर आला, तरी बंद मीटरचं बिल जुन्याच आकड्याने येत राहतं. माझं स्पष्ट मत आहे की बंद मीटर हा घरातला सर्वांत महागडा नळ आहे. तक्रार लेखी द्या, पोच घ्या आणि त्या दिवशीच्या रीडिंगचा तारखेसह फोटो काढून ठेवा.

आता हिशेब. माणशी रोज 135 लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं प्रचलित प्रमाण. पाच जणांच्या घराला त्या हिशेबाने रोज 675 लिटर, महिन्याला सुमारे 20 हजार लिटर लागतं. मीटरवरचा एक युनिट म्हणजे हजार लिटर, म्हणजे महिन्याला 20 युनिट. तुमचा आकडा 30 च्या वर जात असेल, तर गळती शोधा. फ्लशची टाकी तासाला 10 लिटर जरी गळत असली, तरी महिन्याला सात हजार लिटर जातात, म्हणजे सात युनिट फुकट. पाणी सुटलेलं असताना टाकीचा व्हॉल्व्ह आणि सगळे नळ बंद करून मीटरकडे बघा. काटा फिरतोय का? मग मीटर आणि घर यांमधली लाइन फुटली आहे. प्लंबरची एक फेरी वर्षभराच्या गळतीपेक्षा स्वस्त पडते.

सांडपाण्याच्या पैशांबद्दल कुरकुर करण्याआधी जयंती नाल्याच्या काठावर एकदा उभं राहून यावं. शहराचं सांडपाणी कसबा बावड्यातल्या 76 दशलक्ष लिटर आणि दुधाळीतल्या 17 दशलक्ष लिटर रोजच्या क्षमतेच्या केंद्रांत शुद्ध करायचं असतं. जे तिथवर पोचत नाही ते पंचगंगेत जातं, आणि खालच्या गावांना ते प्यावं लागतं. अधिभार द्यावाच, पण तो कशासाठी घेतला जातो हे विचारण्याचा हक्कही बजावावा. तुमच्या गल्लीत ड्रेनेज लाइनच नसेल, सेप्टिक टँक उपसण्याचा खर्च तुम्हीच करत असाल आणि तरी अधिभार लागत असेल, तर तो कोणत्या आधारावर, असा अर्ज नक्की द्या.

नवीन नळ घेताना अनामत, मीटर आणि परवानाधारक प्लंबरची मजुरी यांशिवाय रस्ता खुदाईचे पैसे मोजावे लागतात. म्हणून गल्लीत रस्त्याचं काम निघणार असं कळलं, की त्याआधीच अर्ज टाका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित सेवेला मुदत असते, आणि शुल्क व मुदत फलकावर लावावीच लागते. मुदत टळली तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्जाची पोच नसेल तर यातलं काहीच हाती लागत नाही.

पाणीपट्टीशेजारी ठेवलेलं घरफाळ्याचं बिल थकलं तर दरमहा दोन टक्के शास्ती लागते: 5,000 रुपयांवर महिन्याला 100, वर्षाला 1,200. आकारणी मान्य नसेल तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 406 प्रमाणे न्यायालयात अपील करता येतं, पण मुदत फक्त 15 दिवसांची, आणि करावरच्या अपिलासाठी रक्कम आधी जमा करावी लागते. वाद घालत बिल बाजूला ठेवणाऱ्याचंच नुकसान होतं.

पुढच्या वर्षाच्या करांचे दर 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवावेत, असं हाच कायदा सांगतो. नोव्हेंबर 2020 मध्ये महापालिका सभागृहाची मुदत संपल्यावर हे निर्णय प्रशासकांच्या सहीने झाले. दरवाढीवर हरकत द्यायची असेल तर जानेवारीतच द्या. एप्रिलमध्ये बिल घरी येतं तेव्हा दर ठरून गेलेला असतो.