आधी ब्रुनेईचा शुक्रवार बघा, मग तिकीट काढा

आमच्या भागातली माणसं परदेशी जातात ती बहुधा आखातात, कामासाठी. आमचा भाचा मात्र तेलाच्या कामावर ब्रुनेईतल्या सेरियाला गेला आणि त्याच्या आग्रहाने आम्ही दोघं बोर्निओ बेटावरचा तो देश पाहून आलो. आता जांबोटी, खानापुरातून कुणी ना कुणी विचारायला येतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

ब्रुनेईचं क्षेत्रफळ ५,७६५ चौरस किलोमीटर. आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. वस्ती साडेचार लाखांच्या आसपास. एवढासा देश जाता जाता उरकेल, असं गृहीत धरून बेळगावच्या एका एजंटाने तो सिंगापूरच्या सहलीला जोडून दिला आणि आम्हाला उतरवलं नेमकं शुक्रवारी दुपारी. शुक्रवारी बारा ते दोन नमाजासाठी तिथे सगळं बंद असतं. दुकानं बंद, खाणावळी बंद, आणि हा नियम सगळ्यांनाच लागू. बाहेर धो धो पाऊस, भाचा ड्युटीवर, आणि हिला मधुमेह, त्यामुळे जेवणाची वेळ टळलेली चालत नाही. पिशवीत दशम्या होत्या म्हणून निभावलं. शुक्रवारी पोहोचणार असाल तर खाणं जवळ ठेवाच. सरकारी कचेऱ्यांना सुट्टी शुक्रवारी आणि रविवारी असते, शनिवारी काम चालतं. मशिदी बघायच्या तर त्याही शुक्रवार सोडून. राजधानी बंदर सेरी बेगावनमधली १९५८ सालची ओमर अली सैफुद्दीन मशीद पाण्यालगत उभी आहे. बाहेरच्या लोकांना आत जाताना अंगभर झगा देतात, तो मुकाट्याने घालावा.

रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून मुलांच्या सुट्ट्या धरून तारखा ठरवताना दिनदर्शिकेत तोही बघा. त्या महिन्यात दिवसा चारचौघांत खाणंपिणं गुन्हा ठरतो, मग तुम्ही कुठल्याही धर्माचे असा. खाणावळीतून बांधून घ्यायचं आणि खोलीत खायचं. उलट ईदच्या दिवसांत गेलात तर एरवी बंद असलेला सुलतानांचा राजवाडा तीन दिवस लोकांसाठी उघडतात, पाहुण्यांना जेवूही घालतात. १,७८८ खोल्यांचा तो वाडा आतून बघायची संधी वर्षातून तेवढीच.

निपाणीकडच्या मंडळींना हात जोडून सांगतो, चंची घरी ठेवा. सिंगापूरमार्गे गेलात तर खायच्या तंबाखूला तिथेच बंदी आहे. ब्रुनेईत सिगारेट आणायची तर कस्टमला दाखवून कर भरावा लागतो आणि सार्वजनिक ठिकाणी ओढता येत नाही. दारू देशात कुठेच विकत नाहीत. आणि बायकांनो, फराळाच्या डब्यात अनारसे असतील तर तेही राहू द्या. खसखस म्हणजे अफूचं बी, सिंगापूर आणि दुबई दोन्हीकडे त्याला मनाई आहे. अमली पदार्थांच्या बाबतीत ब्रुनेईच्या कायद्यात फाशीची तरतूद आहे, तेव्हा ओळखीच्या कुणी दिलेली बंद पुडी अजिबात नेऊ नका. रोजची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. इन्सुलिनची चिठ्ठी आम्ही हातातल्याच पिशवीत ठेवली होती. व्हिसाचं काम इथूनच पूर्ण करून निघायचं.

शाकाहारी माणसाने एक शब्द पाठ करावा, बेलाचान. ही सुक्या कोळंबीची चटणी पालेभाजीतही घालतात, त्यामुळे नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. गादोंग भागात भारतीय खाणावळी आहेत, एक वेळ तिथे जमवावी.

जंगलासाठी मात्र हात राखून वेळ देऊ नका. तेंबुरोंग जिल्हा देशाच्या उरलेल्या भागापासून तुटलेला, मध्ये मलेशियाची पट्टी. २०२० साली खाडीवर सुमारे तीस किलोमीटरचा पूल झाला आणि वाट सोपी झाली. पुढे बातांग दुरीहून लांबट होडीने उलू तेंबुरोंगच्या राखीव रानात जातात. भीमगडच्या रानात वाढलेल्या माणसाला जळवा, चिखल, ओली पानं काही नवी नाहीत, पण आपल्याकडे पावसाळा उलटला की रान वाळतं. तिथे बारा महिने झड. झाडांच्या शेंड्यांतून जाणारा उंच झुलता मार्ग हे तिथलं मोठं आकर्षण, पण तो दुरुस्तीसाठी बंद राहतो, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी. गुडघे दुखत असतील तर चढाच्या शेकडो पायऱ्यांचा विचार घरीच करावा. नदी आणि होडी एवढ्यानेही आमचं मन भरलं. ऑक्टोबर ते जानेवारी पाऊस जास्त, फेब्रुवारी ते एप्रिल त्या मानाने बरे.

शहरात रिक्षा नाही, टॅक्सी फार कमी. बस आहेत, पण संध्याकाळ झाली की त्यांचा भरवसा नाही. मोबाइलवरून ‘डार्ट’ची गाडी बोलवावी लागते, नाहीतर ओळखीचं माणूस हवं. रात्री नऊनंतर रस्ते शांत होतात आणि करमणूक म्हणावी असं फारसं उरत नाही. ज्यांना हे सोसवत नाही त्यांनी पैसे सिंगापुरातच खर्च करावेत. आम्हाला ती शांतता आवडली. काम्पोंग आयेर या पाण्यावरच्या गावात लाकडी फळ्यांवरून चालताना एका आजीने घरात बोलावून चहा दिला. तिथे पुरुषाने बाईपुढे हात मिळवायला हात करू नये, आधी ती काय करते ते बघावं, आणि बोट दाखवायचं तर अंगठा पुढे करावा.

पैशांचं सोपं आहे. ब्रुनेई डॉलर आणि सिंगापूर डॉलर १९६७ च्या करारापासून सारख्याच किमतीचे, एकमेकांच्या देशात चालतात. म्हणून इथून सिंगापूर डॉलर घेऊन जा, आणि उरलेले ब्रुनेई डॉलर परतताना सिंगापुरातच संपवा, बेळगावात ते बदलून घेणारा शोधत बसावं लागेल.