वाद्य आणि संगणक यांचा संवाद

१९८३ सालीं अमेरिकेंतील एका वाद्यप्रदर्शनांत दोन निरनिराळ्या कारखान्यांचीं विद्युत्-वाद्यें तारेनें जोडण्यांत आलीं. एकाची पट्टी दाबतांच दुसरें वाजलें! या पद्धतीस ‘मिडी’ म्हणतात. विद्यार्थिमित्रहो, त्या तारेंतून नाद वाहत नाहीं. वाहतात त्या केवळ आज्ञा. कोणता स्वर, किती जोरानें, केव्हां थांबवावा, एवढेंच. जोराचें माप ० ते १२७. म्हणूनच त्या काळचें वाद्य आजच्या संगणकासही समजतें.

मात्र संगणकांतील संगीतरचनेचें सॉफ्टवेअर नवें केलें आणि दोहोंमधील दुभाषी, म्हणजे ‘ड्रायव्हर’, जुनाच राहिला, तर वाद्य मुकें होण्याचा संभव असतो. सबब नवा ड्रायव्हर निघाला आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें, जुनी प्रत जपून ठेवावी. आणि उद्यां स्नेहसंमेलन असेल, तर आज हा उद्योग करूंच नये.